दुमडलेल्या कडेवरची आया

आसावरी पुण्यात जुन्या पोथ्यांची डागडुजी करायची. नवऱ्याच्या, जयेशच्या, नोकरीमुळे ती लायडनला आली, दोन वर्षं घरी बसली आणि मग एका छोट्या खासगी चित्रसंग्रहात तिला तेच काम मिळालं.

गेल्या हिवाळ्यात तिच्या टेबलावर अडीचशे वर्षांपूर्वीचं एक इंग्लिश व्यंगचित्र आलं. लंडनचा दिवाणखाना. गलेलठ्ठ यजमानीण मांडीवरच्या लंगड्या कुत्र्यासाठी टिपं गाळतेय आणि पाहुणे तिच्या भूतदयेचे गोडवे गाताहेत. आसावरीला हसू आलं. पण कागदाची उजवी कड कुणीतरी मागे दुमडून चिकटवली होती. तिनं ओला टीपकागद ठेवला, खळ सुटू दिली आणि कड अलगद उलगडली.



घराबाहेरच्या पायरीवर साडी नेसलेली एक बाई बसली होती. शेजारी गाठोडं. वरच्या खिडकीतून एक गोरं मूल तिच्याकडे हात पसरून रडत होतं.

"आया आहे ती," संग्रहातली अभ्यासक राखी म्हणाली. ती मूळची नागपूरची. "बोटीवर मुलं सांभाळायला हिंदुस्थानातून आणायचे. लंडन आलं की कितीतरी जणींना असंच सोडून द्यायचे."

"आणि ही कड कुणी दुमडली?"

"ज्यांच्या भिंतीवर होतं त्यांनी असेल. मालकिणीला हसायला हरकत नव्हती. हिला रोज बघणं नको झालं असेल."

आसावरीला शोभाताई आठवल्या. पुण्यात तिच्या मुलाला, ईशानला, त्यांनी चार वर्षं सांभाळलं होतं. निघताना तो त्यांचा पदर सोडेना. "पोचल्यावर फोन करते," असं तिनं सांगितलं होतं. तो फोन राहूनच गेला; त्याला सात वर्षं झाली होती.

ती तशीच बाहेर कालव्याकाठी गेली आणि फोन लावला.

"शोभाताई, मी आसावरी."

"वहिनी? ईशान बरा आहे ना?"

"बरा आहे."

"लेक म्हणायची, नंबर बदल. मी नाही बदलला. म्हटलं, वहिनींचा फोन यायचाय."

आसावरी कालव्याकाठच्या बाकावर बसली. "रविवारी ईशानला दाखवते," ती म्हणाली.

रविवारी दुपारी तिनं ईशानला व्हिडिओ कॉलवर बसवलं. त्यानं आईकडे वळून इंग्रजीत विचारलं, "हू इज शी?"

पलीकडे ते ऐकू गेलं होतं.

"असू दे वहिनी, लहान होता तो," शोभाताई म्हणाल्या. "त्याला जरा उजेडात बसवा. तोंड नीट दिसत नाहीये."