बाईंचा बाण

कागदांची चळत हाती लागली की बाई आधी तिचा कोपरा अंगठ्याखाली दाबायच्या आणि भर्रकन सोडायच्या. मग ते कॅन्टीनच्या कुपनांचं पुस्तक असो की साहेबांच्या सहीला आलेली बिलं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी एक मुंगी काढलेली असे, आणि ती तुरुतुरु चालत कडेपर्यंत जाई. साहेबांच्या बिलांवरही ती चालली होती आणि त्यावरून बोलणी खाऊन झाली होती.

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेलच, ज्या कामाला ठेवलंय ते सोडून भलत्याच कामात जीव अडकलेलं. बाई आमच्या चिंचवडच्या कारखान्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरांची ड्रॉइंगं पारदर्शक कागदावर शाईने उतरवायच्या. मी प्रशिक्षण विभागात होतो, कामगारांना प्रोजेक्टरवर छोट्या फिल्मा दाखवायचो, म्हणून सगळ्यांचा मास्तर. टीव्ही घरोघरी यायच्या आधीची ही गोष्ट. कंपनीने कॅमेरा घेतला आणि चित्रं हलवून दाखवणारी फिल्म कोण करील असं विचारलं, तेव्हा सगळे माना खाली घालून बसले. बाई म्हणाल्या, "मी करते. न जमायला काय झालं?"

येत काहीच नव्हतं. तेही त्या ठणकावून सांगायच्या, "नाही येत अजून. येईल की!"

शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून मिळेल तिथून शिकल्या. एकदा विभागातले सगळे मिळून सिनेमाला गेलो. पडद्यावर नावं येत होती तोवर बाई खुर्चीच्या कडेवर बसून अक्षरं कशी येतात आणि कशी जातात ते बघत होत्या. नावं संपली तशा मागे रेलल्या, पर्समधून शेंगदाणे काढले आणि म्हणाल्या, "झाला माझा सिनेमा. आता तुम्ही बघा, मास्तर."

कंपनीची बस सुटताना तर त्या खिडकीतून चाकांकडेच बघत. "एकदम पळत नाही बघा. आधी रेटते, मग पळते. फिल्मसाठी काढलेला माझा बाण पहिल्यापासूनच पळत सुटतो, म्हणून खोटा वाटतो."

फिल्म होती पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार, म्हणजे हात सलामत. पण उत्पादन वाढलं की भत्ता वाढे, म्हणून पोरं एका बटणात लाकडी पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायची आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवायची. बाईंचा धाकटा भाऊ त्याच खात्यात होता आणि पाचर मारण्यात पटाईत. बाईंनी रागावून पाहिलं, आईची शपथ घालून पाहिली. पोरगं हसून वेळ मारून न्यायचं. "कानाने ऐकत नाही ना? डोळ्यांनी ऐकेल," म्हणत त्यांनी फिल्मला हात घातला.

फिल्म झकास झाली. एक पांढरा बाण बटणापासून निघे, डौलदार वळसा घेई, ठोकळ्याबरोबर खाली येई आणि पत्र्यावरच्या हातापाशी थांबे. कॅन्टीनमध्ये शिट्ट्या-टाळ्या पडल्या. फिल्म धुणाऱ्या मुंबईच्या मंडळींनी तर बाण बघूनच बाईंना नोकरी देऊ केली. खेळ संपताच भाऊ धावत आला.

"ताई, बान लई झ्याक! कसला पळतोय!"

"आणि हात?"

"कुटला हात?"

बाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, ही फिल्म बाद."

मी वाद घातला. साहेब तर चिडलेच. "अहो, लोकांनी टाळ्या वाजवल्या!"

"बाणाला वाजवल्या, साहेब. बाणाला बोटं नसतात. माझ्या भावाला आहेत."

मुंबईची नोकरी मिळवून देणारा बाण त्यांनी काढून टाकला आणि सगळी चित्रं नव्याने काढली. या खेपेला मशीन स्थिर, माणूस स्थिर, हलत होता तो फक्त एक हात. तो सावकाश पुढे जाई, ठोकळ्याखाली पोचे आणि तिथेच चित्र थांबे. ठोकळा पडलेला दाखवलाच नाही. मला ते अर्धवट वाटलं.

"पुढचं ज्याचं त्याला दिसेल," बाई म्हणाल्या.

फिल्म धुऊन यायच्या आत बाई मुंबईला रुजूही झाल्या. कॅन्टीनमध्ये ती मी एकट्यानेच लावली. भाऊ पुढच्या बाकावर होता. हात ठोकळ्याखाली जाऊन थांबला आणि या वेळी कोणी शिटी मारली नाही. मी पडद्याकडे बघत नव्हतो. भावाने टेबलावरचे दोन्ही हात उचलले आणि काखेत दाबून धरले. दिवे लागले तरी काढेना.

सगळे चहाला उठल्यावर तो माझ्याजवळ आला. "मास्तर, पाचर काढतो आजच. पन मी घाबरलो म्हनून ताईला सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हटलं, आणि सुट्टी होताच पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंक कॉल लावला. बऱ्याच वेळाने बाईंचा आवाज आला.

"बाई, हात दिसला."

"कोणाला?"

"त्याला."

मध्येच ऑपरेटर म्हणाली, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

लाइनवर कोणीच बोलत नव्हतं.

"वाढवा," मी म्हटलं.