बंद दारांचं धुलाईघर

बारकी तलावावरून परत आली की तिची आई आधी तिच्या बुटांकडे बघायची. कोरडे असले तर जीव भांड्यात पडायचा. ओले असले तर किती वरपर्यंत ओले, हे गुपचूप हेरायचं आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारायचं, "चहा टाकू?" एकदा पोरगी गुडघ्यापर्यंत भिजून आली, आणि त्या दिवसापासून आईच्या डोक्यात जे बसलं ते काही केल्या निघेना. तलावाच्या पाण्यात उभ्या असलेल्या ज्या जुन्या इमारतीत ती शिरते, तिथल्या कुजक्या फळ्या एक दिवस पायाखालून जाणार. आसपास चिटपाखरूही नसणार. आणि आपण इथे भाजी निवडत बसलेल्या असणार.

बारकी म्हणजे दोघी बहिणींतली धाकटी. मोठी लग्न होऊन लांब गेली, हिची तिशी जवळ आली, तरी घरात नाव बारकीच राहिलं. ती दात बनवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचे साचे पाठवतात, त्यांवरून ती कवळ्या आणि कॅपा करते. गिऱ्हाइकाच्या शेजारच्या दातावर सिगारेटचा पिवळेपणा असला, तर नव्या दातातही ती तो तेवढाच उतरवते. पांढराशुभ्र दात करणं सोपं, पण तोंडात तो एकटाच उपरा दिसतो, असं तिचं म्हणणं.

सुट्टीच्या दिवशी हेच हात दुसऱ्या कामाला लागतात. काही मंडळी जेवणाच्या टेबलाएवढा पट मांडून त्यावर लढाया खेळतात. अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक असतात, फासे टाकून त्यांना पुढे सरकवायचं, दडवायचं, लढवायचं. आता सैनिकांना लपायला भिंती हव्यात, चढायला जिने हवेत. पटावरचं हे सगळं जग बारकी तयार करते. नातेवाईक विचारायचे, "मुलगी काय करते म्हणालात?" आई सांगायची, "आठवडाभर दात करते आणि रविवारी बुडालेल्या इमारती." पुढचा प्रश्न सहसा येत नसे.

इमारती बुडालेल्याच का, तर तलावामुळे. तलावाची भिंत वाढवली तेव्हा खालची वस्ती आधीच उठून गेली होती. मागे राहिलं ते रुग्णालयाचं जुनं धुलाईघर. तळमजला पाण्यात, वरचे दोन मजले बाहेर. इमारत उतारावर असल्यामुळे मागच्या बाजूने घोटाभर पाण्यातून पहिल्या मजल्यावर शिरता येई. बारकी तिथे तासन्‌तास बसायची. पाण्याच्या रेषेवर विटा कशा झिजतात, शेवाळ कुठे काळं आणि कुठे पोपटी असतं, पत्र्यावरचा गंज कसा ओघळतो, हे बघत.

त्या आठवड्यात आईच्या धाकट्या भावाचा, म्हणजे बारकीच्या मामाचा फोन आला. तो पाणीखात्यात. तलावाची पातळी मोजायची होडी त्याच्या ताब्यात.

"ताई, तलावाच्या दरवाज्यांच्या दुरुस्तीसाठी पाणी खाली सोडलंय. धुलाईघराचा आतला जिना उघडा पडेल, पण फक्त रविवारपर्यंत. सोमवारी परत भरणार. बारकी माझ्या मागे लागलीये, होडीतून जिन्याच्या खिडकीपाशी ने म्हणून. नेऊ?"

"नको म्हणून सांग तिला."

"तू नको म्हणालीस तर मी होडीला हात लावणार नाही. पण भाचीसमोर वाईट मी का होऊ?"

"होडीला भोक पडलंय म्हण."

"सरकारी होडी आहे, ताई. भोक पडलं तर मला लेखी खुलासा द्यावा लागतो. तू शनिवारी संध्याकाळी काय ते कळव, म्हणजे झालं."

शनिवारी दुपारी बारकीने नवा पट टेबलावर मांडला. खेळून बघायला तिचा मित्र आला होता. प्रयोगशाळेशेजारी त्याचं चष्म्यांचं दुकान. एकही लढाई कधी जिंकला नाही म्हणून सगळे त्याला सेनापती म्हणत. दुसरा खेळाडू आयत्या वेळी आलाच नाही.

"काकू, तुम्हीच बसा," सेनापती म्हणाला. "माझ्याशी हरायला फार कष्ट पडतात."

आई बसली आणि पट बघतच राहिली. धुलाईघर तिने फक्त काठावरून पाहिलेलं. इथे ते दोन हातांनी उचलता येईल असं उभं होतं. दात कोरायच्या हत्याराने विटांना तडे पाडले होते. पाणी रेझिनचं, पातळ थरांनी ओतलेलं, एक थर घट्ट झाल्यावर दुसरा, कारण घाई केली तर ते तापून तडकतं. त्या गढूळ हिरव्या पाण्याखाली कपडे धुवायच्या यंत्रांचे गोल पत्रे अर्धवट दिसत होते. ही एवढीशी होती तेव्हा चित्रात आकाश रंगवायचा कंटाळा करायची, आणि आज पाण्याचा मळ रंगवायला महिना घालवते! आईने त्या पाण्यावर हलकेच बोट ठेवून पाहिलं.

खेळ सुरू झाला. आईने पहिल्याच डावात आपले सगळे सैनिक वर चढवले.

"अगं आई, लढाई आहे ही," बारकी हसत म्हणाली. "तू सगळ्यांना गच्चीवर कपडे वाळत घालायला नेलंस."

"पाण्याजवळ कुणी जायचं नाही," आईने बजावलं.

सेनापतीने आपले चौघे एका दारापाशी आणले. "हे आत घुसणार."

"ते दार उघडत नाही," बारकी म्हणाली.

"मग ह्या दुसऱ्यातून?"

"तेही बंद."

"ही इमारत आहे की थट्टा! आणि जिन्याच्या जागी हा राखाडी ठोकळा कसला? जिना तरी कर!"

आईलाही नवल वाटलं. "का गं? ह्या खोल्या केल्याच नाहीस?"

"मी त्या पाहिल्याच नाहीत," बारकी म्हणाली. "उंबऱ्यावरून काठी आपटली, तर फळ्या पोकळ वाजल्या. मग मागे फिरले. जिना तर पाण्यातच होता."

"अगं, मनाने करून टाक ना," सेनापती कुरकुरला. "कोण तपासायला येतंय?"

"मनाने केलेला दात जिभेला लागतो. गिऱ्हाईक बोललं नाही तरी लागतोच."

आईने पटाकडे पुन्हा नीट पाहिलं. मग हळूच विचारलं, "त्या दिवशी गुडघाभर भिजून आलीस ती?"

"त्याच दिवशी. आतून पलीकडे जायला सरळ वाट होती, पण फळ्यांचा भरवसा नव्हता. बाहेरून पाण्यातून वळसा घातला. तिथे खाली दगड पक्का होता."

जे बूट बघून आईने इतके दिवस जीव टांगणीला लावला होता, ते पोरीने जपून पाऊल टाकलं म्हणून भिजले होते. आणि पटावरचं एकेक बंद दार म्हणजे बारकी जिथे थांबली ती जागा. पाच दारं होती. कुणी बघत नसताना, कुणी अडवत नसताना, पाच वेळा ती आपणहून मागे फिरली होती.

सेनापती अर्थातच हरला. "काकू, तुम्ही न लढता जिंकलात," असं म्हणत त्याने आपले सैनिक डबीत भरले. बारकी मात्र त्या राखाडी ठोकळ्यावर बोट ठेवून विचार करत बसली होती. मामाचं नाव तिने काढलं नाही, आईकडे हट्टही केला नाही.

काळजी गेली होती असं नाही. पाणी ते पाणीच, आणि होडी ती होडीच. पण रविवार हुकला तर ही मुलगी खोटा जिना करणार नाही, हे आता आईला पक्कं ठाऊक होतं. तो ठोकळा तसाच राखाडी राहील, आणि तो तसा ठेवणारी आपण असू.

आई उठून स्वयंपाकघरात गेली, हात पुसले आणि भावाचा नंबर लावला. उद्या ने तिला, एवढं सांगायचं होतं. आणि खिडकीपाशी होडी नीट बांध, उगाच घाई करू नकोस, तिचं बघून होईपर्यंत थांब.