सासूबाईंसाठी कोरडी पताका

बुआचुमच्या सासूबाई वारल्या त्याला तीन वर्षं झाली होती, पण त्या अजून पोचल्या नव्हत्या. बुआचुमला हे पक्कं ठाऊक होतं, कारण सासूबाई स्वतः स्वप्नात येऊन तसं सांगत.

चियांग माईच्या जुन्या शहराभोवतीच्या खंदकाबाहेर, दक्षिण वेशीजवळच्या गल्लीत बुआचुम राहते आणि ओसरीवर बसून कागदी पताका कापते. नववर्षाच्या सणात लोक एकमेकांना पाण्यानं भिजवतात आणि विहाराच्या अंगणात वाळूचे स्तूप रचतात. वर्षभर तळपायाला चिकटून विहारातली जी वाळू बाहेर गेली, ती परत करायची. स्तूपावर पताका खोवायच्या. पताकेवर ज्याच्या त्याच्या जन्मवर्षाचं जनावर असतं. मेलेल्या माणसासाठी खोवायची असेल तर तिची शेपटी लांब ठेवतात, कारण खाली अडकलेला जीव तीच धरून वर चढतो. आमच्याकडे यावर कोणी वाद घालत नाही. वाद असतो तो शेपटी किती लांब हवी यावर.

सासूबाईंचं नाव ताकाम. जन्म हत्तीच्या वर्षातला, आणि बांधाही त्या वर्षाला शोभणारा. कागद कापायला बुआचुमला त्यांनीच शिकवलं आणि मरेपर्यंत तिच्या शेपट्यांना नावं ठेवली. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या नववर्षाला बुआचुमनं त्यांच्या नावाची पताका खोवली. आठवडाभरात सासूबाई स्वप्नात हजर.

"हात पोचत नाही गं," त्या म्हणाल्या. "मांजराची शेपटी लावलीस. जिवंतपणी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीस."

दुसऱ्या वर्षी बुआचुमनं शेपटी दुप्पट केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं आणि नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसली. खंदकाच्या रस्त्यावर कोणीतरी बर्फाच्या पाण्याची अख्खी बादली रिकामी केली. गाठ सुटली, पिशवी भरली. पिशवीनं आलेलं पाणी बाहेर जाऊ दिलं नाही. विहारापर्यंतचा सगळा रस्ता पताका त्यात भिजत राहिली. बुआचुमनं ती तशीच खोवली, कारण दुसरी नव्हती.

"कमरेपर्यंत वर आले होते," सासूबाई स्वप्नात म्हणाल्या. "तुटली. आता एक पाय नरकातल्या उकळत्या काहिलीत आणि एक काठावर. धड बसता येत नाही, धड उठता येत नाही. माणसानं वर्षभर असं उभं राहायचं?"

बुआचुम विहाराच्या म्हाताऱ्या भंतेंकडे गेली. भंतेंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाजारात हल्ली प्लास्टिकच्या पताका मिळतात," ते म्हणाले. "भिजण्याचा प्रश्नच नाही."

"प्लास्टिकवरून हात निसटतो, भंते. त्या आणखी खाली जातील."

भंतेंना हे पटलं. "मग या वर्षी कोरडी आण," ते म्हणाले.

सणात शहरभर एकच वस्तू मिळत नाही, ती म्हणजे कोरडी वस्तू. खंदकाच्या काठाने लोक बादल्या घेऊन उभे असतात. रस्त्यावरून पिकअप गाड्या हळूहळू सरकतात, प्रत्येकीत पाण्याचं पिंप, पिंपात बर्फाची लादी आणि भोवती ओली माणसं. भंते सोडले तर कोणाला माफी नाही. तान्ह्या मुलांवर बोटानं शिंपडतात, पोलिसांना आधी सलाम करून भिजवतात. गालांना पांढऱ्या मातीचा लेप फासतात; तो रस्त्यावर सांडतो आणि त्यावरून मोटरसायकली घसरतात. काही घसरलेले हसत उठतात. काही उठत नाहीत. बुआचुमच्या गल्लीच्या तोंडाशी लुंग पानकेवचं शवपेट्यांचं दुकान आहे. सगळी गल्ली त्यांना लुंग, म्हणजे काका म्हणते. सणाच्या आधी ते फुगे विकणाऱ्याइतकेच घाईत असतात.

सासूबाईंचा विहार शहराच्या पार उत्तरेला. त्यांचं माहेर तिथलं, अस्थीही तिथल्याच भिंतीत. त्यामुळे जवळच्या विहारात खोवून चालणार नव्हतं. पताका न्यायची ती वाळूच्या दिवशी, सणाच्या दुसऱ्या दुपारी. आणि तो दिवस वाईट न बोलण्याचा. त्या दिवशी कोणाला शिवी दिली किंवा खोटं बोललं तर वर्षभर तोंड सडतं. गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या मते बुआचुमसाठी खरा सण तोच, कारण तेवढा एक दिवस तिच्या दारावरून निवांत जाता येतं.

नवरा इन्सोन कोणाच्या तरी पिकअपमध्ये चढून आदल्या दिवशीच गेला होता. तो सण संपल्यावरच सापडतो. बुआचुम पताका घेऊन लुंग पानकेवच्या दुकानात गेली. ते पिकअपवर एक पेटी बांधत होते.

"लुंग, उत्तरेकडे चाललात?"

"हो, तुझ्या सासूच्याच विहारात. या दिवसांत तिथं एक पेटी तयार ठेवायला सांगतात. पुढे बस."

"पुढच्या काचा वर होतात का?"

"मी ही गाडी घेतल्यापासून तरी झाल्या नाहीत."

बुआचुमनं पेटीकडे पाहिलं. सागवानी, आतून पांढरं अस्तर, झाकण घट्ट बसणारं.

"लुंग, ही गळते का?"

लुंग दुखावले. "मी पेट्या करतो, बुआचुम. टोपल्या नाही."

पताका पेटीत उताणी झोपली. लाल शेपटी घडी न पडता पायथ्यापर्यंत गेली. झाकण लागलं. बुआचुम मागे पेटीशेजारी, झाकणावर हात ठेवून बसली. गाडी हलली.

दक्षिण वेशीला पोचेपर्यंत ती नखशिखान्त भिजली होती. एका बाईनं मागून मानेत बर्फाचा तुकडा सोडला. बुआचुम वळली, तिचे ओठ हलले आणि ती म्हणाली, "सुखी राहा, बाई." बाई दचकून दोन पावलं मागे सरली. पुढच्या वळणावर समोरून माणसांनी गच्च भरलेली पिकअप आली. तिच्यात इन्सोन होता. तोंडभर लेप थापलेल्या बायकोला त्यानं ओळखलं नाही, पण नेम बरोबर साधला.

"तुम्हीसुद्धा सुखी राहा," बुआचुम म्हणाली. या आशीर्वादातला एकेक शब्द तिनं दात घट्ट आवळून काढला होता, असं लुंग सांगतात.

खंदकाच्या कोपऱ्यावर एक मोटरसायकल लेपावरून घसरली आणि स्वार आडवा होत लुंगच्या पुढच्या चाकाशी येऊन थांबला. लुंगनी करकचून ब्रेक दाबला. पेटी सरकली, बुआचुम तिच्यावर पालथी पडली. तो गडी उठला, हसला, हातातली बाटली शाबूत आहे का ते पाहिलं आणि मग त्याची नजर पेटीवर गेली.

"आत कोण आहे?" त्यानं विचारलं.

"रिकामी आहे," लुंग म्हणाले. त्यांच्या हिशेबी पताका कोणी नव्हे.

"मग कोणासाठी नेताय?"

"अजून ठरलं नाही."

गड्यानं बाटली गटारात ओतली, मोटरसायकल उचलली आणि चालू न करता ढकलत निघून गेला. सरकारनं जागोजागी लावलेल्या 'दारू पिऊन गाडी चालवू नका' या फलकांनी असं कधी कोणाचं झाल्याचं ऐकलेलं नाही.

तोपर्यंत लोकांनी पेटी पाहिली होती. गाणं थांबलं, बादल्या खाली गेल्या. पेटीवर पालथी पडलेली बाई त्यांनी पाहिली आणि तिचा जो अर्थ लावायचा तो लावला. बुआचुमच्या जिवात जीव आला. पण ही माणसं पाणी टाकायची थांबली नव्हती, त्यांनी फक्त पाणी बदललं होतं. घराघरातून चांदीच्या वाट्या आल्या, वाट्यांत सुगंधी पाणी, वर फुलांच्या पाकळ्या. पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे आजोबा पुढे झाले.

"पोरी, सणासुदीला असं व्हावं," ते म्हणाले. "थोडं झाकण उघड. हातावर पाणी घालतो, क्षमा मागतो आणि तुम्हाला वाट देतो."

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या हातावर सगळे पाणी घालतात. नववर्षाला जिवंत वडीलधाऱ्यांच्याही हातावर घालतात. आजोबांच्या मागे लोकांची रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या हातात वाटी होती.

"नको, आजोबा. झाकण नको उघडायला."

"अगं, पुण्याचं काम आहे. कोण होतं तुझं?"

बुआचुमला खोटं बोलता येईना. "सासूबाई," ती म्हणाली.

"अरेरे," रांगेतली एक बाई कळवळली. "चांगल्या होत्या का हो?"

याचंही उत्तर खरंच द्यायला हवं होतं, म्हणून बुआचुमनं ते दिलंच नाही. आजोबांनी झाकणाच्या कडेला बोटं घातली होती.

"कधी गेल्या?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली."

आजोबांची बोटं होती तिथंच थांबली. मग ती एकेक करून बाहेर आली. त्यांनी ती नाकाजवळ नेल्यासारखी केली, पण माणूस सभ्य होता, वाटेतच थांबला.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "आणि अजून रस्त्यातच?"

"अर्ध्यावर अडकल्यात. गेल्या वर्षी याच कोपऱ्यावर घोटाळा झाला."

"वाहतूक वाईटच आहे या दिवसांत," मागून कोणीतरी म्हणालं.

रांग मोडली. आजोबांनी स्वतः पुढे होऊन पिकअप गाड्या बाजूला काढल्या, एका पोलिसाला शिट्टी मारायला लावली. तिथून उत्तर वेशीपर्यंत गाडीवर पाण्याचा थेंब पडला नाही. लोक नाकाला रुमाल लावून वाट देत होते.

विहाराच्या अंगणात वाळूचा मोठा स्तूप उभा होता, त्यावर रंगीबेरंगी पताकांची दाटी. बहुतेक प्लास्टिकच्या. बुआचुमनं झाकण उघडलं, लुंगनी पेटीतच ठेवलेल्या कोरड्या फडक्यानं हात पुसले. पताका जशी ठेवली होती तशीच होती. वर हत्ती, खाली लाल शेपटी, कुठं डाग नाही. बुआचुमनं ती बांबूच्या काठीला बांधली, काठी स्तूपाच्या माथ्याशी खोल खोवली आणि शेपटी अशी सोडली की टोक थेट वाळूला टेकावं.

"हात पोचायला हरकत नसावी," लुंग म्हणाले.

तेवढ्यात भंते आले. त्यांच्या हातात बादली होती, बादलीत काड्यांचा कुंचा. पताका खोवल्या की ते स्तूपावर, पताकांवर आणि जमलेल्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. दरवर्षी शिंपडतात. बुआचुमनं शहरातल्या सगळ्या पाण्याचा विचार केला होता, फक्त याचा केला नव्हता.

ती गाडीकडे धावली. लुंगच्या गाडीत त्यांच्या दुकानाची मोठी काळी छत्री असते, तिच्यावर दुकानाचं नाव आणि खाली 'दिवसरात्र सेवा' असं लिहिलेलं. ती उघडून बुआचुम स्तूपावर चढली आणि पताकेवर धरून उभी राहिली.

"उपासिके, हा आशीर्वाद आहे," भंते खालून म्हणाले.

"कळतं, भंते. सगळा मला घाला. त्यांना नको."

"आत्ता खरी गरज त्यांनाच आहे."

"त्या कागदाला धरून आहेत, भंते."

भंतेंनी छत्रीवरची अक्षरं वाचली, शेपटीकडे पाहिलं, कुंचा बादलीत बुडवला आणि बुआचुमला आशीर्वादानं चिंब केलं. मग ते स्तूपाला वळसा घालून पलीकडच्या माणसांकडे वळले.

"किती वेळ लागेल हो, भंते?" बुआचुमनं ओरडून विचारलं.

"त्यांचे गुडघे कसे होते?"

"वाईट."

"मग बस खाली," भंते म्हणाले.

बुआचुम वाळूत बसली. एका हातात छत्री, दुसरा काठीला. लोक वाळू आणत होते, तिच्याभोवती ओतत होते आणि जात होते. कोणीतरी केळीच्या पानात चिकट भात आणि भाजलेलं डुकराचं मांस ठेवून गेलं. लुंग पेटी मागच्या पडवीत लावून आले आणि तिच्याशेजारी बसून त्यातला अर्धा भात खाऊन खाली पायथ्याशी टेकले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा काठी वाकली.

आधी थोडी, मग पुष्कळ. बांबू कुरकुरला, शेपटी ताणून सरळ झाली, तिचं टोक वाळूत रुतलं. बुआचुमनं छत्री टाकली, दोन्ही हातांनी काठी धरली, टाचा वाळूत रोवल्या.

"लुंग! धरा!"

"वारा आहे गं," लुंग म्हणाले, पण येऊन त्यांनी तिची कंबर धरली.

"वारा खालून ओढतो का कधी? धरा नीट!" आणि मग शेपटीकडे पाहून, एरवी कोणाशी न बोललेल्या आवाजात, "सावकाश, आई. घाई करू नका. डावा हात आधी."

स्तूपाचा माथा खचला. वाळू दोघांच्या गुडघ्यांपर्यंत आली. बुआचुम पाठीवर कलली तरी तिनं काठी सोडली नाही. एकदा ओढ मध्येच थांबली, दम खायला थांबावी तशी, आणि पुन्हा सुरू झाली. मग एकदम काठी सुटल्यासारखी वर उसळली आणि दोघंही स्तूपावरून घरंगळत खाली आली.

बुआचुम रांगत परत वर गेली. काठी सरळ उभी होती. शेपटी अखंड होती, वरच्या अंगाला जरा चुरगळलेली, मुठीत धरल्यासारखी.

"पोचल्या?" लुंगनी खालून विचारलं.

बुआचुमनं शेपटीवरून हात फिरवला. "पोचल्या," ती म्हणाली. तिनं काठी उपटली, पताका शेपटीसकट गुंडाळून कमरेला खोचली, म्हणजे परत खाली यायला काही राहायला नको.

ही हकिकत लुंग पानकेव दुकानात येईल त्याला सांगतात आणि शेवटी दरवेळी म्हणतात की तो वाराच होता. स्तूपावरच्या बाकीच्या सगळ्या पताका त्या वेळी सरळ खाली लोंबत होत्या, हेही तेच सांगतात.