नीन्केची ओली खुर्ची

स्नेक गावाजवळच्या त्या शाळेत सित्स्के सव्वीस वर्षं फरशा पुसत होती. तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती, मास्तरांचीसुद्धा. त्यात सात वर्षांच्या नीन्केची खुर्ची रोज ओली सापडायची, आणि सित्स्केचं टाळकं सटकायचं.

"एवढी घोडी झालीस, शू आलेली कळत नाही होय गं? घे फडकं, पूस!"

पोरगी सगळ्या वर्गासमोर मान खाली घालून पुसायची.

मास्तर योरिट म्हणायचे, शुद्ध आळस. गावचे डॉक्टर म्हणायचे, वाट बघा, जाईल वयाबरोबर. शेवटी मास्तरांनी बजावलं, महिनाभरात ही सवय सुटली नाही तर टेक्सेल बेटाच्या सहलीला नीन्के येणार नाही.

"सवय कसली, खोटारडी आहे ती. मी पकडते," सित्स्के म्हणाली.

मधल्या सुट्टीत तिने नीन्केला स्वतः संडासात नेलं आणि दाराशी कान देऊन उभी राहिली. पोरीने चांगली भरपूर शू केली. तिला कोरडी चड्डी घालून सित्स्केने वर्गात बसवलं. पंधरा मिनिटांत खुर्ची ओली! तीन दिवस हेच.

सित्स्के तडक मास्तरांच्या अंगावर गेली. "कसला आळस घेऊन बसलात? आत्ता मुतून आलेलं पोर लगेच गळतं कसं? वायसर गेलेल्या नळासारखं थेंब थेंब चाललंय!"

"सित्स्केबाई, तुम्ही फरशी पुसा."

"पुसते म्हणूनच कळलं! तुम्ही काय बघितलंत, कपाळ?"

शाळा सुटल्यावर तिने नीन्केच्या आईला फाटकातच गाठून सगळं सांगितलं. आई मग पोरीला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली आणि तपासा म्हणून अडूनच बसली. तपासणीत निघालं, की एका मूत्रपिंडाला जन्मतःच दोन नळ्या होत्या, आणि त्यातली एक मूत्राशयात न जाता खाली भलतीकडेच उघडत होती. पोरीने कितीही धरून ठेवलं तरी तिथून गळणारच. ऑपरेशन झालं आणि गळती थांबली.

वाढदिवसाला नीन्के रीतीप्रमाणे खाऊचा डबा घेऊन शाळाभर वाटायला निघाली. तिला बघून सित्स्केने बादली ठेवली, हात पुसले.

"आई म्हणाली, पहिला खाऊ तुम्हाला द्यायचा. तुमच्यामुळे कळलं म्हणून," नीन्केने डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "पण मी नाही देणार."

"नको देऊस," सित्स्के म्हणाली. तिने पुन्हा बादली उचलली.

नीन्केने पुढच्या वर्गाचं दार वाजवलं.