मेहरे बाईंनी दिलेला खड्डा

मेहरे बाईंनी आयुष्यात एकाही पोराला छडी मारली नाही. त्या खड्डा देत. कुणी कुणाचा डबा पळवला, कुणी बाकावर नाव कोरलं, कुणी प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकली, की बाई पर्स उघडून खुरपं बाहेर काढत. बाकीच्या शिक्षिकांच्या पर्समध्ये कंगवा-रुमाल असे, बाईंच्या पर्समध्ये मूठ झिजलेलं खुरपं असे. "चाल, खड्डा घे. हातभर खोल. रडनं असंन तं खड्ड्यातच रड, मातीले ओल भेटन." त्या खड्ड्यात बाई देतील ते रोप लावायचं आणि शाळा सुटेपर्यंत, म्हणजे दहावी होईपर्यंत, त्याला पाणी घालायचं. रोप मेलं तर दुसरा खड्डा. गयावया करणाऱ्याला त्या सांगत, "माफ करनं देवाचं काम आहे. मी मेहरेच्या घरची, मले नाही जमत."

आमची शाळा अकोल्यात, जठारपेठेच्या बाजूला. बाई विज्ञान शिकवायच्या, मी गणित. त्यांचं माहेर अचलपूरचं. घरचा धंदा भाजीपाल्याचा. माहेरची माणसं भल्या पहाटे पालेभाजीच्या जुड्या बांधत आणि भांडणंही तिथंच उरकत, असं त्या स्वतः सांगायच्या. डूख धरण्याची कला त्या तिथूनच शिकून आल्या असाव्यात. लग्नानंतरही माहेरचंच नाव लावून नोकरी करण्याबद्दल एका मुख्याध्यापकांनी कधीतरी टोमणा मारला होता. ते निवृत्त झाले, तरी त्यांच्या निरोप समारंभातले पेढे बाईंनी घेतले नाहीत.

पण त्यांच्या डुखातून वीस वर्षांत शाळेमागे एक अख्खी बाग उभी राहिली. अकोल्याच्या उन्हात, आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या शाळेत! खिचडीच्या ताटल्या धुतलेलं पाणी बाईंनी चर खणून झाडांकडे वळवलं होतं. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी होती आणि पाटीवर झाडाच्या नावाखाली गुन्हेगाराचं नाव आणि गुन्हा. 'शेवगा. रशीद, सहावी ब. सरांच्या खुर्चीवर खाजकुहिली टाकली.' खुर्ची माझीच होती. मी तीन दिवस नीट बसू शकलो नव्हतो, पण पुढे त्याच शेवग्याच्या सावलीत मी पोरांना सावलीवरून झाडाची उंची काढायला शिकवली. बाई दोडक्याच्या फुलाशी पोरं उकिडवी बसवून परागीभवन शिकवत. सुरवंट हातावर घेऊन बघितल्याशिवाय फुलपाखराची आकृती काढायला परवानगी नव्हती. वर्गात माना टाकणारी पोरं तिथं प्रश्न विचारून भंडावून सोडत.

मग संस्थेला नवे सचिव मिळाले. नानासाहेब. कपाळाला गंध, हातात दोन मोबाइल, दर गुरुवारी कारंज्याला दत्ताचं दर्शन चुकवायचं नाही आणि शाळेत एकही पालापाचोळा दिसू द्यायचा नाही. बागेकडे पाहून ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, हे सारं जंगल झालं आहे. पालकांना स्वच्छ शाळा लागते." बाई म्हणाल्या, "साहेब, स्वच्छ तं दवाखाना पायजे. शाळेत माती पायजे." नानासाहेब हसले. तसं हसणारी माणसं मला आता ओळखू येतात, तेव्हा येत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत बाई भाऊबीजेला अचलपूरला गेल्या होत्या. मागच्या फाटकाची चावी माझ्याकडे असायची. नानासाहेबांचा फोन आला, "गावंडे सर, जरा चावी पाठवून द्या, काम आहे." काय काम, हे मी विचारलं नाही. खरं तर मला कळलं होतं. माझ्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर पडला होता आणि मला बायको-पोरं होती, अशी कारणं मी नंतर पुष्कळ गोळा केली. मी चावी पाठवली. दोन दिवसांत जेसीबीने वीस वर्षांचे गुन्हे उपटून काढले आणि त्यावर लाल-करड्या पेव्हर ब्लॉकचं पटांगण अंथरायला सुरुवात झाली.

सुट्टी संपली त्या दिवशी बाई एसटीतून उतरून थेट शाळेत आल्या. हातात माहेरची पिशवी तशीच. ढिगाऱ्यात मोडलेल्या पाट्या पडल्या होत्या. बाईंनी एकेक पाटी उचलून पदराने पुसली आणि पिशवीत भरली. त्या रडतील असं मला वाटलं होतं, निदान ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "चावी कोनापाशी होती?"

मी खाली मान घातली.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून खुरपं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मुताऱ्यांच्या मागे, जिथं ब्लॉक पोचले नव्हते, तिथं चौपन्न वर्षांच्या बाईंसमोर पंचेचाळीस वर्षांच्या मी हातभर खड्डा खणला. शिपाई बघत होता, पोरं बघत होती. बाईंनी त्यात चिंचेचं रोप लावायला दिलं. "चिंच कावून, सांगू? चिंच लय हळू वाढते." मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, मी रोज सायकलला बादली अडकवून त्या चिंचेला पाणी घालायला जात असे. एकदा मी दोन दिवस गेलो नाही, तर तिसऱ्या दिवशी बाई माझ्या घरी हजर. चहा घेतला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "झाड तहानलं आहे, गावंडे सर."

माझा हिशेब त्यांनी असा चुकता केला. नानासाहेबांचा राहिला होता. "ज्या हातानं तोडलं, त्याच हातानं पानी घालायले लावीन," असं त्या मला म्हणाल्या. त्या माणसाविषयी माझ्याही पोटात तेव्हा आग होती. स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढता आला तर कुणाला नको असतो?

ब्लॉक बसवायचं काम घेतलं होतं जुन्या शहरातल्या रशीद मिस्त्रीने. तोच, खाजकुहिलीवाला. काम कुठल्या शाळेचं आहे हे त्याला माहीत होतं, पण बाग आधीच साफ झालेली आहे हे तिथं आल्यावरच कळलं. तो बाईंसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बाई, मेरा शेवगा भी गया?" बाईंनी पिशवीतून त्याची पाटी काढून दाखवली. मग दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलले. काम संपलं तेव्हा सचिवांच्या खोलीच्या खिडकीसमोर एका जागी चार ब्लॉक नुसतेच मातीवर ठेवलेले होते, हे आम्हा तिघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

बाई पुन्हा अचलपूरला जाऊन आल्या. माहेरच्या जुन्या विहिरीच्या भिंतीत उंबर उगवले होते. त्यातला एक त्यांनी मुळासकट आणला. एका रविवारी रशीदने ते चार ब्लॉक काढले, बाईंनी उंबर लावला, भोवती ब्लॉकचे तुकडे असे रचले की झाड दगड फोडून वर आल्यासारखं दिसावं. हे वाचून कुणी बाईंना लबाड म्हणेल, तर खुशाल म्हणो.

नानासाहेबांना ते रोप दिसलं नेमकं गुरुवारी. ते खोलीतून बाहेर आले, चप्पल काढली आणि हात जोडून उभे राहिले. त्यांच्या दारात औदुंबर आपोआप उगवला होता! कारंज्याहून प्रसाद आला, नारळ फुटला, आजूबाजूच्या बाया हळदीकुंकू वाहून गेल्या. दुसरं कुठलंही झाड त्यांनी उपटून टाकलं असतं, पण औदुंबराला हात कसा लावणार? बाईंना मी विचारलं, "हे खोटं नाही का?" त्या म्हणाल्या, "मले कोनी इचारलंच नाही ना, का हे झाड कोनं लावलं. इचारलं असतं तं सांगतलं असतं."

उंबर चांगला वाढला. तीन वर्षांत माणसाच्या डोक्यावर गेला. पण इथंच बाईंचा हिशेब चुकला. नानासाहेबांनी झाडाभोवती संगमरवरी ओटा बांधला, पादुका बसवल्या, लोखंडी जाळी लावली आणि पाटी रंगवून घेतली, 'विद्यार्थ्यांनी आत येऊ नये.' पोरांसाठी आणलेलं झाड पोरांनाच बंद झालं. त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा स्टाफरूममध्ये हताश बसलेलं पाहिलं. निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. "सूड घेता घेता मीच कुलूप लावून बसली, सर," त्या म्हणाल्या. दुसऱ्याची चूक त्या विसरत नसत, तशी स्वतःचीही विसरत नसत. आठवडाभर त्या डबा न खाता बसल्या.

पुढच्या गुरुवारी आरतीला गर्दी होती. पालक होते, शेजारीपाजारी होते. प्रसाद वाटायची वेळ झाली आणि बाई सातवीचा अख्खा वर्ग घेऊन जाळीपाशी आल्या. हात जोडून, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "साहेब, पोरांले एक सांगा. दत्तगुरूनं गुरू किती केले?"

"चोवीस!" नानासाहेब खुशीत म्हणाले.

"कोनते कोनते? पोरांले पाठ करायचे आहेत."

नानासाहेब सांगू लागले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी. पोरं बोटांवर मोजत होती. हत्ती, हरीण, मासा, साप, कोळी. मोठमोठ्याने सांगता सांगता त्यांचा आवाज हळू होत गेला. आपण कुठं चाललो आहोत, हे त्यांच्या ध्यानात येऊ लागलं होतं.

"म्हंजे देवानं शिकवनी घेतली ते किड्यापाखरांपाशी," बाई म्हणाल्या. आता आवाज मऊ नव्हता. "आता हे पोट्टे इथी कोनापाशी शिकतीन? तुमच्या ब्लॉकपाशी? देवाचे गुरू जेसीबीनं काढले, आन् देवाले जाळीत घातलं. चोवीस राहू द्या, साहेब. या पटांगनात एक गुरू दाखवा."

गर्दीतली एक आजीबाई मोठ्याने म्हणाली, "खरंच तं बोलून राहिली ते." नानासाहेबांनी प्रसादाचं ताट खाली ठेवलं. चोवीस गुरूंसाठी चोवीस वाफे करू, असं त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. बाई तेवढ्यावर सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पर्स उघडली.

"बोलल्यानं नाही होत. पयला खड्डा तुमचा, साहेब. हातभर."

रशीद पहार घेऊन कोपऱ्यात तयारच उभा होता. त्याने उंबरालगतचे ब्लॉक उचकटले आणि पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले नानासाहेब गुडघ्यांवर बसून खुरप्याने माती उकरू लागले. खालची काळी माती वाळून दगड झाली होती. अर्ध्या हातावर ते थांबले, तर बाई म्हणाल्या, "अजून." त्या शब्दाची गोडी मी आजही विसरलेलो नाही.

जाळी गेली. ओट्यावर आता विज्ञानाचा तास होतो. उंबराचं फळ फोडून पोरं आतला बारीक किडा भिंगातून बघतात आणि फुलं कुठं लपली आहेत ते शोधतात. पक्षी येतात, नानासाहेबांच्या गाडीवर घाण करतात आणि ती त्यांना निमूट पुसावी लागते.

बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा बोलताना त्यांना धाप लागत होती. मी उगाच हसत विचारलं, "बाई, माझा खड्डा आता तरी माफ झाला का?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "चिंच जिती आहे ना?" मी हो म्हटलं. "मंग? शिक्षा कायची सरली?"

शोकसभेत नानासाहेब बोलायला उठले. "ही बाग म्हणजे बाईंचं आणि माझं सामायिक स्वप्न होतं," असं म्हणून त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. मला तिथंच उठून ओरडावंसं वाटलं. मी ओरडलो नाही. दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरून ती पिशवी मागून आणली, जुन्या पाट्या रंगवून घेतल्या आणि दोन नव्या करवल्या. जून महिन्यात पाचवीची नवी पोरं आली, की त्यांचा पहिला तास मी त्या पाट्यांपुढे घेतो, सचिवांची खिडकी उघडी असताना, मोठ्या आवाजात.

'उंबर. नानासाहेब, सचिव. बाग तोडली.' हे वाचलं की पोरं खिडकीकडे बघतात. मग मी त्यांना मुताऱ्यांच्या मागे नेतो. तिथं चिंचेला दुसरी पाटी आहे. 'चिंच. गावंडे सर. चावी दिली.' ती मी वाचून दाखवत नाही. पोरांपैकीच एखादं मोठ्याने वाचतं, आणि मी पाण्याची बादली उचलतो.