सुरेचा वास

गोव्यातल्या पाळी गावी आमच्या वाड्यावर चंद्रावतीवयनीच्या उसाशिवाय तुळशीचं लग्न लागत नसे. लग्न उरकलं की तोच ऊस आम्ही बेणं म्हणून लावायचो. तिच्याकडचं बेणं डोळे मिटून घ्यावं, अशी तिची ख्याती. आणि आम्ही खरोखरच डोळे मिटून घेतलं.

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी, चतुर्थी सरल्यावर वाड्यावरचा ऊस शेंड्याकडून वाळू लागला. कांडं चिरलं तर आत लालभडक, मधून पांढरे पट्टे. खाणीच्या गावात लाल रंगाचं कोडं कुणाला पडतं? खाणीचं पाणी उसात चढलं, असा निकाल शेजारच्या विठ्ठलने, वयनीच्या चुलतदिराने, देऊन टाकला आणि खाणीविरुद्ध भरपाईचा अर्जही लिहिला. आम्ही पंधरा शहाण्यांनी सह्या ठोकल्या. माझी चौथी, सांगायला लाज वाटते. पहिली जागा वयनीसाठी मोकळी ठेवली होती.

वयनीने अर्ज बाजूला सारला आणि चिरलेलं कांडं विठ्ठलच्या नाकाला लावलं.

"खाणीचे मातयेक सुरेचो वास येता रे?"

विठ्ठलने नाक मागे घेतलं. माडाची आंबलेली सूर त्याच्याइतकी कोण ओळखणार!

"ही लाल कूज. बेण्यातसून इली, आणि बेणां माझां. गेल्या पावसात माझ्या खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबलां, तेव्हा ह्यो वास माका इललो. तुळशीचो ऊस म्हणान मी कानाडोळो केलंय."

सही केली असती तर तिचं नाव शाबूत राहिलं असतं आणि आम्ही तेच बेणं पुन्हा लावलं असतं.

"घराण्याचां नाव बुडवलंस," म्हणून विठ्ठल उठला, तो तिच्याशी बोलेनासाच झाला.

तिने स्वतःचा सगळा ऊस मुळासकट उपटून जाळला. मग कोयता घेऊन आमच्या परसांत शिरली, परवानगी कसली नि काय! रोगट बेटं जाळा, तिथे दोन वर्षं भात करा, असा हुकूम. शेती खात्याकडून तिने निरोगी बेणं आणलं, उंचावरच्या नव्या वाफ्यात लावलं, पाणी निघायला चर खणले. बेणं तोडताना कोयता घडोघडी उकळत्या पाण्यात बुडवायची. दोन वर्षं तुळशीला बाजारचा ऊस आला, पण त्यातलं एक कांडंही तिने कुणाला लावू दिलं नाही. विठ्ठल बोलत नव्हता, पण भात मात्र त्यानेही केलं.

तिसऱ्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सकाळी तो तिच्या अंगणात उभा. वयनीने ऊस आणि कोयता त्याच्यापुढे धरला. त्याने कांडं चिरलं. आत खोबऱ्यासारखं पांढरं.

"वास तूच घे, वयनी. तुझ्या नाकार भरवसो आसा."

"माझ्या नाकाचां मी एकदा आयकूक नाय. तू घे."

त्याने हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"तुळशीक पाच दी," तो म्हणाला, "आणि बेण्याक धा."