सुगंधाची काळी बोटं

सुगंधाच्या हाताखालून गेलेला काजूगर पुन्हा तपासावा लागत नाही, असं वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातल्या बाया सांगतात. प्रत्येक गर ती पालथा करून बघते आणि मगच अख्ख्यात किंवा तुकड्यात टाकते. अशाने काम हळू होतं म्हणून मालक सुरुवातीला कुरकुरला, पण हिने ऐकलं नाही.

मी कुस्तोदियो. इथल्याच एका दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर होतो. सुगंधाबद्दल लिहायचं म्हणजे स्वतःबद्दलही लिहावं लागणार, आणि ते मला आवडत नाही. पण टाळलं तर जेवण गोड लागायचं नाही.

ती सतरा वर्षांची होती तेव्हा घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले. असा ताप हृदयाची झडप खातो. डॉक्टरांनी तीन महिने सक्तीचा आराम सांगितला आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, तेही पुढची कित्येक वर्षं. पहिलं झालं, काही झालं नाही. दुसरं बुधवारी मीच दिलं. शुक्रवारी पोर दारात उभी राहिली ती तोंड सुजलेलं, पापण्या मिटलेल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत फोड घेऊन.

डॉक्टर बाहेर गेले होते. मी तिचा कागद काढला, बुधवारची नोंद बघितली आणि माझी खात्री पटली. पिवळ्या कार्डावर लाल शाईने लिहिलं, ‘पेनिसिलीन बाधते. देऊ नये.’ डॉक्टरांनी आल्यावर मान डोलावली. आमच्याकडे औषध बाधतं तसं भूतही बाधतं; एकदा बाधलं म्हटलं की त्या वाटेला पुन्हा कुणी जात नाही.

इंजेक्शनं बंद झाली. त्याऐवजी गोळ्या दिल्या. त्यांनी तिच्या पोटात आग पडायची, म्हणून ती आठवडा घ्यायची आणि आठवडा सोडायची. ताप उलटत राहिला. पुढे साधा खोकला झाला तरी कार्ड बघून डॉक्टर भारीतली गोळी लिहायचे, आणि मीही ती शहाण्यासारखा पुडीत बांधून द्यायचो. निम्म्या खोकल्यांना तर कसलीच गोळी नको होती, हे आता कळतं. तिने कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलं. दात काढताना, बाळंतपणात, जाईल तिथे आधी ते पुढे करायची. शिस्तीची बाई, बत्तीस वर्षं तिने माझी चूक जपून ठेवली.

गेल्या वर्षी तिला ताप आला तो तीन आठवडे हटेना. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. तिची मुलगी नम्रता तिला गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली, आणि मलाही बरोबर घेतलं. कंपाउंडर बरोबर असला की डॉक्टरांचं बोलणं समजतं, असा तिचा भाबडा समज. रक्त तपासल्यावर कळलं की जंतू खराब झडपेवर जाऊन बसलेत. त्यांच्यावर पेनिसिलीन सगळ्यांत चांगलं. दुसरी औषधं होती, पण तिची मूत्रपिंडं आधीच दमलेली, त्यांना ती झेपतील असा भरवसा नव्हता.

डॉक्टरीण आमच्याच बाजूच्या आरोंद्याची, नाव ॲश्लिन. तिने कार्ड वाचलं, पण तेवढ्यावर थांबली नाही. फोड नेमके कुठे होते, अंगावर होते का, श्वास कोंडला होता का, असं विचारत गेली. मग ऑफिसातली मराठी सोडून मालवणीत म्हणाली, “त्या आठवड्यात तुमी खंयच्या कामार जाय होतास?”

“काजीच्या फॅक्टरीत,” सुगंधा म्हणाली. “सोमवारपासून. काजी फोडूक.”

आराम सांगितलेला, म्हणून तिच्या आईने दवाखान्यात सांगू नको अशी ताकीद दिली होती. काजूच्या सालीतलं तेल नवख्या हातांना कसं जाळतं, बोटं कशी काळी करतं आणि तेच हात लागले की तोंडही कसं सुजवतं, ते वेंगुर्ल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

डॉक्टरीण म्हणाली, ते फोड तेलाचेच असावेत; आपण इथेच, सगळी तयारी ठेवून, पेनिसिलीन थोडं थोडं देऊन बघू. घरी करून बघायचा हा प्रकार नव्हे. नम्रता हो म्हणाली. सुगंधा नाही म्हणाली. मरण आलं तरी सुईने नको. मग माझ्याकडे वळली. “कंपाउंडरानू, तुमीच लिवलास. तुमी सांगा.”

इतकी वर्षं जे स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते तिला सांगावं लागलं.

“तुज्या बोटांची टोका काळी होती गो,” मी म्हणालो. “माका दिसली होती. मी विचारूक नाय.”

सुगंधाने डॉक्टरणीपुढे हात केला.

आधी कातडीवर चाचणी झाली, मग थोडं औषध, तासभर वाट, मग पुरं. मी तिच्या हातावरची नजर काढली नाही. काहीही उठलं नाही. आठवड्याभरात ताप उतरला, महिनाभराने ती घरी आली. जीव वाचला, झडप मात्र गेली ती गेलीच. तेव्हाची इंजेक्शनं चालू राहिली असती तर, असं मी डॉक्टरणीला विचारलं. कदाचित इतकी बिघडली नसती, एवढंच ती म्हणाली. मला शरम वाटली, अजून वाटते.

परवा सुगंधा माझ्याकडे आली. चार पावलं चालली की थांबते. प्लॅस्टिक फाडून तिने कार्ड माझ्यापुढे ठेवलं. मी लाल पेन काढून ओळ खोडायला गेलो, तर तिने हात धरला.

“खोडू नकात. तसाच ऱ्हवांदे. खाली खरा काय ता लिवा.” थोडा दम घेऊन म्हणाली, “मी काजीचो गरसुद्धा दोनी बाजून बघतंय. तुमी माका येकाच बाजून बघितलास.”

मी खाली लिहिलं, ‘पेनिसिलीन चालते. वरची नोंद चुकीची. बोटे पाहिली, विचारले नाही.’ सही केली. तिने ते दोनदा वाचलं, कार्ड उलटून मागची बाजूही बघितली आणि पिशवीत ठेवलं.